कोल्हापूर ते न्यूयॉर्क: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ घरच्या घरी कसा काढावा

शिवाजी पेठेत किंवा राजारामपुरीत आता अशी गल्ली शोधूनही सापडणार नाही, की जिथल्या एकाही घरातला मुलगा किंवा लेक परदेशी नाही. त्यामुळे "न्यूयॉर्क किती लांब आहे हो, आणि जायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न भूगोलाचा निवृत्त शिक्षक म्हणून मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा मोबाइलवर आधीच पाहिलेले असते आणि तिथल्या आकड्यांनी तो अधिकच गोंधळलेला असतो. अंतर एके ठिकाणी १२,५३०, दुसरीकडे ७,७८७ आणि तिसरीकडे ६,७६७ दिलेले असते; वेळ कुठे सोळा तास दिसतो, तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली तर साडेपाचच तास निघतो, आणि जाऊन आलेले शेजारी सांगतात की सव्वा दिवस सहज मोडतो. यांपैकी एकही आकडा खोटा नाही. अंतराचे तिन्ही आकडे म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क हे एकच अंतर किलोमीटर, साधा मैल (१.६०९ किलोमीटर) आणि वैमानिक वापरतात तो सागरी मैल (१.८५२ किलोमीटर) अशा तीन मापांत मांडलेले आहे, आणि वेळेचे तीन आकडे ही तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेतले की पुढचा हिशेब सातवी-आठवीतल्या मुलालाही जमतो. फक्त एका ठिकाणी साइन-कोसाइनची गरज पडते आणि ती मोबाइलमधील कॅल्क्युलेटर भागवतो.

अंतर: आधी दोरा, मग सूत्र

सर्वांत आधी भिंतीवरचा जगाचा नकाशा बाजूला ठेवावा. त्यावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडले, तर रेषा सौदी अरेबिया, लीबिया, मोरोक्को असे देश ओलांडून अटलांटिक महासागरात उतरते आणि विमान याच वाटेने जात असावे असे वाटते. शाळांत लावलेल्या नेहमीच्या मर्केटर नकाशावरील या सरळ रेषेची प्रत्यक्ष लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. खरे किमान अंतर त्याहून जवळजवळ १,७०० किलोमीटरने, म्हणजे विमानाच्या दोन तासांनी कमी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून कागदावर जी रेषा सरळ दिसते ती जमिनीवर वळसा घालत असते.

घरात पृथ्वीगोल असेल, तर शिवणकामाचा साधा दोरा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर न्यावे आणि दोरा हळूहळू ताणावा. पहिल्यांदा दोरा आपण ठेवला तसा भूमध्य समुद्राच्या बाजूला पडून राहतो. ताण वाढला की तो आपोआप वर, उत्तरेकडे घसरतो आणि एका जागी घट्ट बसतो. आता तो कुठून गेला आहे ते बोटाने वाचावे: कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशियात थेट सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडा. वर्गात हा प्रयोग करताना मुले आइसलँडपाशी आली की हमखास म्हणत, "सर, दोरा चुकला." दोरा चुकत नाही, गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळच्या या वाटेला बृहत्वृत्ताची वाट म्हणतात आणि ताणलेला दोरा ती स्वतःच शोधून काढतो.

आता दोन्ही ठिकाणी नखाने खूण करून दोरा पट्टीवर मोजावा आणि त्याच दोऱ्याने गोलाच्या विषुववृत्ताचा घेरही मोजावा. माझ्याकडचा गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो आणि मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर ढोबळमानाने ४०,००० किलोमीटर धरला, तर २९.५ भागिले ९४ गुणिले ४०,००० म्हणजे सुमारे १२,५५० किलोमीटर हे उत्तर येते. दोऱ्याच्या मोजमापात वीसेक किलोमीटरची चूक म्हणजे काहीच नाही.

अधिक नेमके उत्तर हवे असेल, तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत; गुगल मॅप्सवर त्या जागी बोट दाबून ठेवले की ते दिसतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व आणि न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक शहर पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करावी, ती १४६.६५ अंश होते. ही बेरीज १८० च्या वर गेली, तर ती ३६० मधून वजा करावी, कारण मग दुसऱ्या बाजूने जाणे जवळचे असते. यानंतर दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा: ०.३२७ गुणिले ०.६५१ म्हणजे ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा: ०.९४५ गुणिले ०.७५९ गुणिले उणे ०.८३५ म्हणजे उणे ०.५९९. दोन्ही उत्तरांची बेरीज उणे ०.३८६ येते. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे, तो कोन कॅल्क्युलेटरमधील उलट कोसाइनच्या कळीने काढावा, तो ११२.७ अंश निघतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ११२.७ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे १२,५३० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. रेडियनवर असला तर वाटेल ते उत्तर येते.

या गणितात सर्वांत गमतीची चूक पूर्व-पश्चिमेची होते. मुंबई ७२.८७ आणि न्यूयॉर्क ७३.७८, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, त्यामुळे "पश्चिम" हा शब्द नजरेतून सुटला की रेखांशातील फरक एक अंशाहूनही कमी येतो आणि अंतर अवघे २,४०० किलोमीटर निघते. असे उत्तर आले, तर आपण न्यूयॉर्क उचलून किरगिझस्तानच्या डोंगरांत नेऊन ठेवले आहे असे समजावे. दुसऱ्या टोकाची खूणही ध्यानात ठेवावी: पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरहून अधिक दूर असूच शकत नाहीत, कारण तो घेराचा अर्धा भाग झाला.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. उजळाईवाडीचा विमानतळ १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व येथे आहे. तेथून थेट न्यूयॉर्कचे अंतर वरच्याच रीतीने काढले तर सुमारे १२,८४० किलोमीटर येते. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे आणि मुंबई ते न्यूयॉर्क १२,५३०. बेरीज पुन्हा १२,८४०. याचा अर्थ मुंबई ही आपल्यासाठी आडवाट नव्हेच. कोल्हापुरातून न्यूयॉर्ककडे दोरा ताणला तर तो मुंबईवरूनच जातो. हा योगायोग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गणित दोनदा तपासले होते. उलट हैदराबाद किंवा बेंगळुरू गाठून जायचे तर आधी पाठमोरे जावे लागते.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनाही हेच गणित उपयोगी पडते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे एकूण १२,९३०. थेट जाण्याच्या तुलनेत वळसा फक्त ४०० किलोमीटरचा, जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. मधल्या मुक्कामाचे तिकीट वेळखाऊ ठरते ते वळशामुळे नव्हे, तर तिथे बसून काढाव्या लागणाऱ्या तासांमुळे आणि दुसऱ्यांदा उतरण्या-चढण्यामुळे.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

मोठे जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, परंतु अंतराला थेट ९०० ने भागले तर उत्तर चुकते. विमान जागेवरून सुटते, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकते, चढते, शेवटी उतरते, पुन्हा सरकते, आणि तिकिटावरील वेळ या साऱ्यासह असते. शिवाय नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना ते समोरून अडवतात आणि येताना पाठीवरून ढकलतात. म्हणून माझा ठोकताळा असा आहे: पश्चिमेकडे जाताना अंतराला ८०० ने भागावे, पूर्वेकडे येताना ९०० ने, आणि दोन्ही वेळा अर्धा तास मिळवावा. मुंबई-न्यूयॉर्क जाताना १२,५३० भागिले ८०० म्हणजे पंधरा तास चाळीस मिनिटे, अधिक अर्धा तास, म्हणजे सोळा तासांच्या थोडे वर. येताना याच रीतीने साडेचौदा तासांच्या आसपास. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, म्हणून जाताना साडेनऊ तास. कोल्हापूर-मुंबई मार्गासारख्या छोट्या उड्डाणाला पंख्याचे एटीआर विमान असेल तर ५०० ने भागावे. ३१० किलोमीटरला सदतीस मिनिटे आणि वरचा अर्धा तास मिळून एक तास सात मिनिटे होतात.

जाण्या-येण्यातील हा दीड तासाचा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असे बरेच जण ठामपणे सांगतात. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते, त्यामुळे "खालची जमीन सरकून पुढे येते" हा तर्क टिकत नाही. फरक वाऱ्याचा आहे, आणि हिवाळ्यात हे वारे अधिक जोरात असल्याने तेव्हा तो वाढतो.

ठोकताळ्याला धक्का देणारी दुसरी गोष्ट म्हणजे बंद केलेले आकाश. आपला दोरा सिंधवरून जातो, पण पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होते. अशा वेळी भारतीय कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे, त्यामुळे सेंट पीटर्सबर्गजवळची जवळची वाट त्यांना वापरता येत नाही. एकाच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या तिकिटांवर तासा-दोन तासांचा फरक दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून गणिताने काढलेले उत्तर किमान समजावे. आपले उत्तर अवास्तव मोठे तर नाही ना, हे पाहण्यासाठी एक माप जवळ ठेवावे: न थांबता जाणाऱ्या नियमित विमानसेवांमध्ये सिंगापूर-न्यूयॉर्क ही सर्वांत लांबची समजली जाते, ती १५,३०० किलोमीटरहून थोडी अधिक आहे आणि तिला अठरा तासांहून जास्त लागतात.

तिकिटावरील घड्याळ

तिकिटावर सुटण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापलेली असते. ही एक ओळ समजली की निम्मा गोंधळ संपतो. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला असल्याने आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, तर सरासरीने तेहेतीस मिनिटे उशिरा. न्यूयॉर्कची प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिमेवर आहे. ८२.५ आणि ७५ मिळून १५७.५ अंश, भागिले पंधरा, म्हणजे साडेदहा तास. इतके तास न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे असते, परंतु फक्त हिवाळ्यात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. मधल्या काळात फरक साडेनऊ तासांचा राहतो. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेतील घड्याळ बदललेले असते आणि लंडनचे नसते. मधला मुक्काम लंडनला असेल, तर त्या आठवड्यांत विशेष जपावे.

यावर माझा एकच उपाय आहे: सगळा हिशेब कोल्हापूरच्या घड्याळात करावा. समजा जानेवारीत विमान मुंबईहून मंगळवारी पहाटे २ वाजता सुटते आणि न्यूयॉर्कला मंगळवारीच सकाळी ७.३० वाजता पोहोचते असे तिकिटावर आहे. न्यूयॉर्कच्या साडेसात वाजता आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. पहाटे दोन ते संध्याकाळी सहा, म्हणजे सोळा तास. परतीला न्यूयॉर्कहून मंगळवारी दुपारी १२ वाजता निघून मुंबईत बुधवारी दुपारी १ वाजता पोहोचणारे विमान असेल, तर वजाबाकीने पंचवीस तास दिसतात. पण न्यूयॉर्कची दुपार म्हणजे आपली मंगळवारची रात्र साडेदहा, आणि तेथून बुधवारी दुपारी एकपर्यंत साडेचौदाच तास होतात. हे दोन्ही आकडे आपल्या ठोकताळ्याशी जुळतात, आणि जुळले नाहीत तर फरक एक तासाचा आहे का हे आधी पाहावे. तसा असेल तर चूक उन्हाळी-हिवाळी वेळेचीच असते.

घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

लांबच्या प्रवासात खरी गफलत होते ती हवेत नव्हे, जमिनीवर. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तारीख रात्री बाराला बदलते. माझ्या बहिणीच्या तिकिटावर "गुरुवार, ००.५५" असे स्पष्ट छापलेले होते. गुरुवारी रात्रीचे विमान, असे साऱ्या घराने धरले. गुरुवारी दुपारी बॅगा बांधून, देवाला नमस्कार करून, मंडळी गाडीत बसली. मीही पोहोचवायला बरोबर होतो आणि दहावीच्या मुलांना वाररेषा शिकवण्यात माझी हयात गेली होती. विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट पाहिले, पुन्हा पाहिले आणि शांतपणे सांगितले की हे विमान काल रात्रीच गेले. गुरुवारचे ००.५५ म्हणजे बुधवार संपून पंचावन्न मिनिटे झाली ती वेळ. कोल्हापुरातून बुधवारी दुपारीच निघायला हवे होते. तेव्हापासून ००.०० ते ०४.०० मधील कोणतेही तिकीट हाती आले, की मी त्यावर पेनाने घर सोडण्याचा वार मोठ्या अक्षरांत लिहितो.

तर वरच्याच मंगळवारी पहाटे दोनच्या विमानाचा मागून पुढे हिशेब असा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे सोमवारी रात्री अकराला विमानतळावर असावे. कोल्हापूर-मुंबई रस्ता सुमारे ३८० किलोमीटरचा आहे आणि गाडीने सात-आठ तास लागतात, परंतु खंबाटकी घाट, पुण्याचा बायपास आणि मुंबईत शिरतानाची गर्दी यांचा भरवसा नसल्याने दोन तास शिल्लक ठेवावेत. म्हणजे घर सोमवारी दुपारी एकला सोडावे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी मुंबईत आणते, म्हणून पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीची गाडी धरली तर अख्खा दिवस मुंबईत काढावा लागतो. उजळाईवाडीहून विमानाने जायचे असेल आणि ते तिकीट परदेशी तिकिटापासून वेगळे काढलेले असेल, तर पावसाळ्यात हा धोका मी पत्करणार नाही. पहिले विमान रद्द झाले तरी दुसरे आपल्यासाठी थांबत नाही, आणि स्वतंत्र तिकीट असल्याने त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. शक्य असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटात घ्यावेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्यापासून तिकिटावर "मुंबई" एवढेच वाचून भागत नाही. कोणता विमानतळ आणि कोणते टर्मिनल, हेही पाहावे.

न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि घरापर्यंतची गाडी यांना मिळून अडीच तास धरावेत. म्हणजे तिथल्या सकाळी दहाला, अर्थात आपल्याकडच्या मंगळवारी रात्री साडेआठला, माणूस घरात पाऊल ठेवतो. सोमवार दुपारी एक ते मंगळवार रात्री साडेआठ, एकूण साडेएकतीस तास. त्यांतले विमानातले फक्त सोळा. ३८० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याला रस्त्याने आठ-दहा तास आणि १२,५३० किलोमीटरला सोळा, हे प्रमाण पाहिले की वयस्कर माणसांसाठी खर्च कुठे करावा हे कळते: मधला मुक्काम टाळण्याइतकेच आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे पोहोचून पाठ टेकणे महत्त्वाचे आहे.

मुलाला विमानतळावर घ्यायला बोलावताना मात्र कोल्हापूरची वेळ सांगू नये. त्याला तिकिटावर छापलेली तिथली वेळ आणि तिथली तारीख कळवावी, विमानाचा क्रमांक द्यावा, आणि प्रवासाच्या दिवशी सकाळी तो क्रमांक फ्लाइटरडार२४ वर घालून घरच्या मंडळींना विमान कुठवर आले ते दाखवावे. ते आइसलँडच्या जवळपास दिसले तरी कोणी घाबरू नये.